डोरीनला लागलेलं पाणी

"नो," श्रीनिवास म्हणाला. इतक्या सहज, की कुणी त्याला चहात साखर घालू का असंच विचारलं असावं.

सुप्रभाचा हात ट्रेलरच्या दांड्यावर होता तो तिथेच थांबला. प्रश्न तिचाच होता. तलावाच्या या फाटकाशी होडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ती तो विचारायची, आणि आज समोरचा होडीवाला स्वतःचा नवरा आहे म्हणून तो गाळायचा हे तिला पटलं नव्हतं. गेल्या महिन्याभरात ही होडी दुसऱ्या कुठल्या पाण्यात उतरली होती का? इंग्रजीतच विचारला होता, कारण श्रीनिवासच्या शेजारी पीटर हॅलम उभा होता आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक गाडीमागे ट्रेलर, प्रत्येक ट्रेलरवर होडी. बँक हॉलिडेचा सोमवार, मोसमातली पहिली मोठी शर्यत. श्रीनिवास नो म्हणाला आणि हसून पीटरकडे बघायला लागला, आणि सुप्रभाच्या तळपायांना एकदम ओल्या गवताची थंडी लागली. इथे पायाखाली डांबर होतं, पायात पाणी कंपनीने दिलेले जाड बूट होते. ते गवत मागच्या सोमवारचं, नॉटिंगहॅमच्या पलीकडच्या एका कालव्याच्या काठचं. तिथे ती चपला काढून, हातात ताट धरून उभी होती, ताटातलं निरांजन वाऱ्याने सारखं विझत होतं, आणि हीच होडी तिच्यासमोर पाण्यात होती.

तो खोटं बोलत नव्हता, ही खरी पंचाईत होती. खोटं बोलायचं असलं की तो लांबण लावतो, न विचारलेली कारणं देतो, स्वच्छ असलेला चष्मा पुसायला काढतो. हे 'नो' चष्मा न काढता आलं होतं. त्याच्या लेखी होडी पाण्यात उतरलीच नव्हती, तिची पूजा झाली होती. दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू खाऊन 'आज सकाळपासून पोटात काही नाही' असं मनापासून सांगणाऱ्या बायका तिने पाहिल्या होत्या, तिची सासू त्यातलीच होती. त्या खोटारड्या नव्हत्या. खाणं वेगळं आणि उपासाचं वेगळं, एवढंच. पण श्रीनिवास त्या घरातून निघून डॉक्टर झालेला, देवाधर्माच्या बाबतीत नेहमी दाराशी उभा राहणारा माणूस. त्याच्या पोटातही तो वेगळा कप्पा शाबूत असेल, आणि तो आज या फाटकावर उघडा पडेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

पूजा त्याचीच कल्पना होती. याचंच तिला आठवडाभर नवल वाटत होतं. घरातले देव तिचे. गणपतीच्या आरतीला तो यायचा तोही कमरेचा पेजर चाचपत. आणि एप्रिलमध्ये एके दिवशी भर दुपारी हॉस्पिटलमधून त्याचा फोन. तिला वाटलं, कुणीतरी गेलं. "अगं, यंदा अक्षय्य तृतीया कधी आहे?" त्याने विचारलं, आवाज खाली घेऊन, जणू कॉफी रूममध्ये कुणाला मराठी कळत असावं. होडी त्याने तेव्हा ठरवली होती. एका म्हाताऱ्याची, रिटायर्ड पोस्टमनची, दोन माणसांची जुनी शिडाची होडी. म्हाताऱ्याने ती कालव्याकाठच्या शेडमध्ये वर्षभर कोरडी ठेवली होती आणि तिच्या मागच्या फळीवर निळ्या अक्षरात नाव होतं, डोरीन. नाव बदलायचं नसतं, इकडे ते अशुभ मानतात, असं श्रीनिवासने तिला सांगितलं होतं, आणि शुभाशुभाची त्याला एवढी फिकीर कधीपासून, हे विचारायचं तिने टाळलं होतं. म्हाताऱ्याला वाटलं, गिऱ्हाईक गळती बघतंय. त्यानेच हात लावून होडी उतारावरून पाण्यात सोडली. मग या दोघांचं ताट, हळद-कुंकू, झेंडूऐवजी बागेतले पिवळे ट्यूलिप हे सगळं बघून त्याने टोपी काढली आणि अंगणात पाहुणा असल्यासारखा बाजूला उभा राहिला. नाव घेऊन पूजा करायची तर डोरीनच म्हणावं लागलं. सुप्रभाला हसू फुटलं. श्रीनिवास हसला नाही. गुडघ्यांत वाकून, एक हात होडीच्या काठावर ठेवून, डोळे मिटून तो काहीतरी पुटपुटत होता. त्याचे ओठ हलताना तिने नीट पाहिले आणि काय म्हणत होता हे परतीच्या वाटेवर विचारलं नाही. एम सिक्स हायवेवर तो गुणगुणत होता आणि मागे डोरीन मुकाट येत होती.

ही एवढीशी होडी त्याने का घेतली हे फक्त सुप्रभाला माहीत होतं. पीटरला माहीत असावं असं तिला वाटत नव्हतं. पीटर हाडांचा कन्सल्टंट, श्रीनिवास भूल देणारा. कॉव्हेंट्रीत आल्यापासून दोघांचं जमलं. पीटर कापायचा, श्रीनिवास झोपवायचा आणि जागं करायचा. कन्सल्टंटच्या वरच्या जागेसाठी श्रीनिवासने तीनदा इंटरव्ह्यू दिला होता. तिन्ही वेळा त्याच्या कामाबद्दल फार चांगलं बोललं गेलं. रविवारी पीटर त्याला तलावावर घेऊन जायचा. दोघांच्या होडीत सुकाणू धरणारा मागे बसतो आणि काय करायचं ते तो सांगतो. पुढे बसणारा पुढच्या शिडाची दोरी ओढतो, सोडतो, सांगितल्याबरोबर आपलं वजन या बाजूचं त्या बाजूला टाकतो. इतकी वर्षं श्रीनिवास पुढे बसला. चांगला बसायचा, पीटर सगळ्यांना सांगायचा की माझ्याकडे आहे तसा क्रू, असा पुढे बसणारा, इंग्लंडात कुणाकडे नाही. आता पीटर रिटायर झाला होता, पुढच्या आठवड्यात घरदार विकून कॉर्नवॉलला चालला होता. सेंड-ऑफच्या दिवशी पबमध्ये, तिसऱ्या ग्लासाच्या सुमाराला, तो श्रीनिवासच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला होता, "श्री, तू तुझी होडी घे. जायच्या आधी एकदा मी तुझा क्रू होईन." सगळे हसले होते. श्रीनिवासही हसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा न पिता कंप्यूटरसमोर बसून जुन्या होड्यांच्या जाहिराती बघत होता. बोललेलं पीटर विसरला नाही हे मात्र त्याच्या जमेला धरायला हवं. शर्यतीला स्वतःची होडी न काढता, पुढे बसण्यासाठी जाड पट्ट्याचे बूट घालून तो आला होता. आज श्रीनिवास मागे बसणार, पीटर पुढे. आज नाही तर कधीच नाही.

"ऑल राइट?" पीटरने विचारलं. "ऑल राइट," सुप्रभा म्हणाली आणि खाली वाकली.

हे काम तिने घेतलं त्याला दुसरा उन्हाळा. लेक इरावती नोकरीला लागून हाउन्सलोला राहायला गेली, घरात दुपारी फक्त बॉयलरचा आवाज उरला, आणि लायब्ररीच्या काचेवर पाणी कंपनीची चिठ्ठी दिसली: एप्रिल ते ऑक्टोबर, होड्या तपासण्यासाठी माणसं हवीत. इंटरव्ह्यू घेणारी मॉरीन साठीची, वॉर्डनच्या हिरव्या जॅकेटमधली, बोलता बोलता सिगारेट वळणारी. तिने टेबलावर लोखंडी पाइपचा एक कापलेला तुकडा ठेवला. आत वीतभर तोंड असायला हवं होतं, तिथे करंगळी जाईल एवढं भोक उरलं होतं. बाकी सगळं शिंपल्यांनी गच्च. नखाएवढे शिंपले, पिवळट, त्यावर तपकिरी पट्टे. एकावर एक, त्याच्यावर एक. झेब्रा मसल, मॉरीन म्हणाली. हे तळ्यात एकदा आले की जात नाहीत. आणि येतात ते होड्यांना चिकटून, शेवाळात अडकून, तळाशी साचलेल्या पेलाभर पाण्यातून. या तलावात अजून नाहीत. सुप्रभा त्या पाइपकडे बघत राहिली. अकोल्याला तिच्या लहानपणी नळाला पाणी यायचं तेव्हा आई झोपेतून उठवायची, आणि आधी नळातून हवा यायची, खरवडल्यासारखा आवाज करत. त्या आवाजाने सगळं घर श्वास धरून थांबायचं. नळ बंद पडणं म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या घरचं पाणी याच तलावातून यायचं. तिने नोकरी धरली. इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना हा विनोद वाटला. "बाहेरून आलेल्यांना हाकलायला बाहेरूनच आलेली बाई ठेवलीय," असं संजय दर कार्यक्रमाला म्हणायचा, दर वेळी नव्याने सुचल्यासारखा. ती पहिल्यांदा हसली, पुढे चिवडा वाढायला उठायला लागली. एकदा मात्र रात्री ताटं विसळताना तिला हीथ्रोवरची ती खोली आठवली, नवी नवरी म्हणून उतरली तेव्हाची, साडीवर कागदी झगा घालून छातीचा फोटो काढायला उभं केलं होतं ती. थंड काच छातीला लागली होती. ब्रीद इन, होल्ड. तो श्वास तिने धरला आणि सोडायला कुणी सांगितलंच नाही, म्हणून ती बराच वेळ तशीच उभी होती. पण त्यात काय, तिने स्वतःला सांगितलं, शिंपला हा शिंपला असतो. त्याला सासर नसतं.

डोरीनच्या पोटाखालून तिने तळवा फिरवला. डोळ्यांना दिसायच्या आधी ते हाताला कळतं. शिंपल्याची पिल्लं इतकी बारीक असतात की गुळगुळीत लाकडावर रवा सांडल्यासारखं लागतं. पोट स्वच्छ होतं. पुढच्या टोकाला किंचित लाल डाग, कुंकवाचा, श्रीनिवासने पुसला होता पण रंगाच्या भेगेत राहिला होता. मग तिने मधली फट पाहिली. या होड्यांच्या पोटात मधोमध एक लांब फट असते, तिच्यातून एक फळी खाली पाण्यात सोडतात, होडी आडवी वाहत जाऊ नये म्हणून. फट अंधारी, तिच्यात ओल टिकते. कालव्यात त्याने ती फळी एकदा खाली करून पुन्हा वर घेतली होती. आता तिला ते आठवलं, कारण फळी वर येताना कुरकुरली होती आणि तो म्हणाला होता, तेल द्यायला हवं. दांडीवरचा छोटा आरसा तिने आत धरला, टॉर्च लावला. मग आरसा ठेवला आणि दोन बोटं घातली. शेवाळाचा एक धागा हाताला आला, थंड, अजून ओला. तो बाहेर ओढताना बोटांना खरखर लागली. धाग्याला पाच-सहा दाणे चिकटलेले होते. तांदळाच्या कणीपेक्षा जरा मोठे. पट्टे दिसत होते.

"अहो," ती मराठीत म्हणाली, "कालव्यात उतरवली होती ना आपण."

"कधी?"

"कधी काय! अक्षय्य तृतीयेला."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती चेष्टा करत नाही हे कळायला त्याला वेळ लागला. "सुप्रभा, ती पूजा होती."

"पाण्यात होती की नाही?"

"पाच मिनिटं! पाणी लावलं नुसतं. नैवेद्य दाखवतो तर देव काय जेवतो का?"

"ही जेवली," ती म्हणाली आणि तळवा उघडला.

तो वाकला. चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून पाहिलं, तो पेशंटची बुबुळं बघतो तसं. पीटर दोन पावलं पलीकडे रांगेतल्या कुणाशी तरी वाऱ्याबद्दल बोलत होता. श्रीनिवास सरळ झाला तेव्हा त्याचा आवाज कॉफी रूममधल्या फोनसारखा खाली आला होता.

"एवढंसं तर आहे. काढलंस ना तू? हिरवी लाव. संध्याकाळी घरी नेऊन दोनदा धुऊ."

"आत अजून किती आहेत ते दिसत नाही. फट खोल आहे."

"नसतील."

"असतील तर?"

"अगं, तो चाललाय. पुढच्या आठवड्यात."

"माहितीये मला."

"माहितीये, आणि तरी?"

तिच्या जॅकेटच्या डाव्या खिशात हिरव्या पट्ट्या होत्या, उजव्या खिशात लाल. हॉस्पिटलात पेशंटच्या मनगटाला बांधतात तसल्या प्लास्टिकच्या. हिरवी बांधली की फाटक उघडायचं. लाल बांधली की होडी मागच्या आवारात जायची, गरम पाण्याने धुतली जायची आणि दोन आठवडे उन्हावाऱ्यात कोरडी पडायची. मॉरीन लांब, खालच्या उतारापाशी, पाठमोरी. कुणी बघत नव्हतं. सुप्रभाने पाइपचा तो तुकडा आठवायचा प्रयत्न केला आणि तो तिला नीट आठवेना. पाइप कंपनीचा होता. नवरा तिचा होता. तीन इंटरव्ह्यूंच्या तीन संध्याकाळी तिने पाहिल्या होत्या, सूट न काढता बागेतल्या खुर्चीवर बसलेला, हातात पाण्याचा पाइप, एकाच कुंडीला पाणी घालतोय, कुंडी भरून वाहतेय. आज सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, वरून लाइफजॅकेट चढवायचं असूनही. तिचा डावा हात खिशात गेलासुद्धा. बोटांना पट्टी लागली. त्याने ते पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला सहन झालं नाही. आनंद नव्हता तो. सुटका होती, आणि सुटकेच्या पाठोपाठ त्याने चष्मा खाली घेतला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. स्वच्छ होता चष्मा. तेव्हा तिला कळलं, की आत्तापर्यंत त्याचं ते 'नो' निर्मळ होतं, आणि तिने हिरवी बांधली की त्या क्षणापासून ते खोटं होणार. मग तो मागे बसेल, सुकाणू धरेल, सगळं ठरल्यासारखं होईल आणि सगळा वेळ त्याला ते माहीत असेल. खोटं बोलण्यात त्याच्याइतका कच्चा माणूस तिला दुसरा ठाऊक नव्हता. ती शर्यत त्याच्या अंगी लागली नसती.

तिने डावा हात रिकामाच बाहेर काढला आणि उजव्या खिशातली लाल पट्टी ट्रेलरच्या दांड्याला बांधली. पट्टी बसताना टक्क असा आवाज होतो. पीटरचं बोलणं थांबलं.

मॉरीन आली, तळव्यातले दाणे पाहून तिने शीळ घातली आणि सुप्रभाच्या पाठीवर थाप मारली. ती थाप सुप्रभाला नको होती. "कुठल्या पाण्यातून आले?" मॉरीनने विचारलं. सुप्रभाने श्रीनिवासकडे पाहिलं. हे उत्तर तिचं नव्हतं.

"कालव्यात," श्रीनिवास म्हणाला. "मागच्या सोमवारी. विसरलोच मी. गळते का ते बघायला उतरवली होती."

सुप्रभाने शेवाळाचा धागा प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड नीट दाबून बंद केलं. कालवा खरा होता, सोमवार खरा होता. फाटकाला तेवढंच लागत होतं.

"हार्ड लक, श्री," पीटर म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं, त्याच्या लांब गुलाबी चेहऱ्यावर ते दिसत होतं. "हरकत नाही. वीस मिनिटं आहेत, माझी काढू. नेहमीसारखे बसू." आणि बुटाचा पट्टा सोडायला तो खाली वाकलासुद्धा. तो वाईट माणूस नव्हता. त्याने क्षणभर थांबून विचार केला असता तर माझ्या होडीत तू मागे बस असंही तो म्हणाला असता. पण त्याला थांबायचं सुचलं नाही, इतकी वर्षं ज्याला थांबावं लागलं नाही त्याला ते कसं सुचावं. सुप्रभा श्रीनिवासकडे बघत होती. हो म्हणेल, असंच तिला वाटत होतं. तो नेहमी हो म्हणत आला होता आणि त्या 'हो'वरच त्यांचं घर उभं होतं, गॅरेजसकट.

"नको," श्रीनिवास म्हणाला. "तू जा, पीटर. कुणालातरी घे. मला हिला धुवायचंय."

जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या आवारात गेली तेव्हा शर्यत सुरू झाली होती. तिकडून तलाव दिसत नाही, मध्ये शेड आहे. नुसता माइकवरचा आवाज येत होता, कुठल्या नंबरची होडी कुठे. श्रीनिवासने कंपनीचा लांब रबरी एप्रन घातला होता, हातात गरम पाण्याचा फवारा होता आणि सगळीकडे वाफ. इस्त्रीचा शर्ट कोपरापर्यंत भिजला होता. तिने डबा सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवला. पोळी, बटाट्याची भाजी, त्याच्यासाठी मुद्दाम केलेला गोडाचा शिरा, जिंकला-हरला तरी खायला म्हणून. तो वळला नाही.

"अजून निघाले," थोड्या वेळाने तो म्हणाला. "अकरा."

"हं."

"तुझं बरोबर होतं, असं म्हणत नाहीये मी."

"मी कुठे म्हटलं म्हणा."

कट्ट्यावर त्याच्या फ्लास्कचं झाकण होतं, त्यात पाणी आणि पाण्यात एक शिंपला, धुण्याआधी काढून घेतलेला. तो फवारा बंद करून आला, एप्रनला हात पुसले आणि तिच्याशेजारी बसला. दोघं त्या झाकणात बघत राहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग शिंपला केसाएवढा उघडला. श्रीनिवासने खिशातल्या पेनचं टोक पाण्यात घालून त्याला हळूच स्पर्श केला. शिंपला मिटला.

"जागं आहे," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून हा शब्द तिने इतक्या वेळा ऐकला होता, फोनवर, ऑन-कॉलच्या दिवसांत. त्याचा आवाज त्या शब्दाला नेहमी जरा मऊ व्हायचा. आताही झाला, आणि तसा झाल्याचं लक्षात येऊन त्याने पेन पुसून खिशात ठेवलं.

"गळती बघत होतो म्हणालो मी त्याला."

"ऐकलं."

"पूजा केली म्हणायला काय झालं होतं मला?"

तिने डबा त्याच्याजवळ ठेवला. तिकडे माइकवर कुणीतरी जिंकल्याचं सांगत होते, नाव पीटरचं नव्हतं. श्रीनिवासने डबा उघडला, भाजी खाल्ली, पोळी खाल्ली आणि शिऱ्याचा डबा न उघडता तिच्याकडे सरकवला. रागावलाय, तिला कळलं. तो रागावला की गोड खात नाही. त्याचा राग तीन दिवस पुरला, चौथ्या दिवशी त्याने बाथरूमचा गळणारा नळ दुरुस्त केला आणि तिला दाखवायला बोलावलं.

पीटर कॉर्नवॉलला गेला. तिथून समुद्राच्या चित्राचं कार्ड आलं, ते फ्रिजवर लागलं. डोरीन दोन आठवडे आवारात कोरडी पडली. तिची दुसरी तपासणी मॉरीनने स्वतः केली, घरच्या होडीला घरच्यांनी हात लावायचा नाही असा नियम आता तिने काढला होता, आणि हिरवी पट्टी बांधताना सुप्रभाकडे बघून डोळा मारला. आता होडीला क्रू नव्हता. मंडळात संजयने कंबरदुखी पुढे केली, क्लबातले सगळे जोडीने बसलेले होते. "आई, मग तू जा ना," इरावती फोनवर तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "असा काय करतेस, बाबा किती सॅड झाला असेल." मला पोहता येत नाही, सुप्रभा म्हणाली. "पोहायचा नाहीचे तुला. बसायचा फक्त."

म्हणून रविवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, सुप्रभा डोरीनमध्ये पुढे बसली. दोन उन्हाळे तिने होड्यांची पोटं खालून पाहिली होती, आतून होडी ती पहिल्यांदा बघत होती. लाकडाला तेलाचा वास होता. लाइफजॅकेट हनुवटीला टोचत होतं. शर्यत वगैरे काही नव्हती. दोन-तीन होड्या लांब, पलीकडच्या काठाला मेंढ्या, मधे करडं पाणी. श्रीनिवासने तिच्या हातात एक दोरी दिली आणि मागे जाऊन बसला, सुकाणूचा दांडा काखेशी धरून. काठावरून ढकलल्याचा जोर आणि मागून वारा होता तोवर होडी आपोआप चालली. तलावाच्या मध्यापाशी वारा फिरला. शीड एकदम सैल पडलं, फडफडायला लागलं, वाळत घातलेल्या चादरीसारखं, आणि होडी हळूहळू थांबली. पाणी लाकडाला चुबुक चुबुक लागत होतं.

सुप्रभाने मागे वळून पाहिलं. तो ताठ बसला होता. नजर शिडावर, मग शेंड्यावरच्या छोट्या फडक्यावर, मग परत शिडावर. सगळं त्याला दिसत होतं, काय करायला हवं ते त्याला माहीत होतं, त्याच्या मांड्या तर उठायच्या बेतात होत्या. तरी तो काही करत नव्हता. घाबरलाय की काय, असं तिला आधी वाटलं. नाही, चेहरा शांत होता, लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाचा. मग तिच्या लक्षात आलं, की तो वाट बघतोय.

हसू आलं तिला. लांबच्या होडीतून कुणाचा तरी ओरडण्याचा आवाज पाण्यावरून आला, दुसऱ्या कुणासाठी.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हीच सांगायचंय आता."

तो दचकला. "हो," म्हणाला. "हो हो." चष्मा नाकावर नीट बसवला. एकदा खाकरला. आणि मग पाणी, मेंढ्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं नव्हे, फक्त तिलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला,

"ओढतेस का जरा?"

तिने दोरी ओढली.